किरकोळ

प्रवासाला निघणारा मध्यमवर्गीय माणूस दोन हिशेब करतो. एक घरात मोठ्याने वाचून दाखवायचा आणि एक मनातल्या मनात ठेवायचा. प्रत्यक्षात होतो तो तिसराच. पहिल्या दोन हिशेबांत तिकिटे असतात, मुक्काम असतो, दोन वेळचे जेवण असते, फार तर एखादे नाटक-सिनेमा. तिसऱ्यात मात्र हमाल असतो, चपला सांभाळणारी बाई असते, पोराने लॉजवर फोडलेला ग्लास असतो, पावसाचे दिवस नसताना घ्यावी लागलेली छत्री असते आणि 'इथपर्यंत आलोच आहोत तर' या सबबीवर अठरा किलोमीटर वाकडी वाट करून पाहिलेला, पाणी नसलेला धबधबा असतो.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आजोबांची एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही आहे. आजोबा कोर्टात कारकून. त्यामुळे हिशेब म्हणजे पुरावा, ही त्यांची श्रद्धा. देवाच्या पुढ्यात खोटे बोलतील, वहीत नाही. प्रत्येक यात्रेला एक स्वतंत्र पान आणि प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ, 'किरकोळ'. पंढरपूरला किरकोळ, नरसोबाच्या वाडीला किरकोळ, जोतिबाला पायी जाऊन आले तरी किरकोळ. काशीयात्रेच्या पानावर तिकिटांचे पैसे पैपर्यंत लिहिलेले आहेत आणि त्याखाली किरकोळाचा आकडा तिकिटाहून मोठा. आजी म्हणायची, "ह्यांच्याकडं तिकीट तेवढं किरकोळ असतंय, बाकी सगळं खर्चाचं."

मला वाटते, आपल्या इतिहासकारांचे या ओळीकडे थोडे दुर्लक्षच झाले. कोणत्या लढाईला किती घोडे गेले हे ते सांगतात. पण लढाईच्या वाटेत सापडलेल्या साध्या माणसाच्या कनवटीला किती उरले, हे कोण सांगणार? बँक नाही, मनीऑर्डर नाही, घर दोनशे कोस मागे राहिलेले आणि गाठीचे पैसे संपलेले. मग तो करी काय?

भाषेनेच पाहा किती सोयी करून ठेवल्या आहेत. धोतराच्या निऱ्यांपाशी खोचले ते कनवटीचे, उपरण्याच्या टोकाला बांधले ते गाठीचे, पदरात ठेवले ते पदरचे आणि लांबच्या वाटेला कमरेभोवती बांधायचा तो कसा. माणूस हीच चालतीबोलती बँक होती आणि तिच्या चार शाखा होत्या. पदरमोड हा शब्द ज्याने घडवला त्याला नक्कीच कुठल्यातरी क्षेत्राच्या ठिकाणी पदराची गाठ सोडावी लागली असणार.

या विषयातला आपला सर्वांत मोठा अधिकारी पुरुष म्हणजे विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, लाखो रुपये खर्चणार आहेत. म्हणजे दक्षिणा भरपूर. हिशेब चोख होता: जायचे, दक्षिणा घ्यायची, यायचे, कर्ज फेडायचे. काकांना बरोबर घेऊन विष्णुभट निघाले. साल फक्त जरा चुकीचे होते. १८५७.

यज्ञ राहिला बाजूला. भटजी सापडले ते बंडाच्या ऐन धुमाळीत. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, गाव लुटले, तेव्हा हे काका-पुतणे झाशीतच. मिळवलेले पैसे गेले. पुन्हा थोडे मिळवले, तेही वाटेत लुटले गेले. एका माणसाला लुटारूंनी किती वेळा लुटावे याला काही मर्यादा असते, पण लुटारू बदलत होते. आणि प्रत्येक नव्या लुटारूला आपण पहिलेच आहोत असे वाटत असावे.

पण विष्णुभट घरी पोचले. कसे पोचले, हे त्यांचे 'माझा प्रवास' वाचताना माझ्या ध्यानात आले आणि आजोबांच्या वहीतली ती ओळ मला एकदम निराळी दिसू लागली. ग्वाल्हेर, झाशी, बिठूर या पट्ट्यात मराठी घरे होती. एका घरातून दुसऱ्या घराची ओळख निघे. कुठे पूजा सांगावी, कुठे दोन दिवस राहावे, कुठे नुसतेच "वरसईकडचे का? या" एवढ्यावर पान वाढले जावे. पैसे संपले तरी ओळख संपत नव्हती. लुटारूला ती काढून घेता येत नाही. आणि काढून घेतली तरी त्याचा काय उपयोग? कर्ज फेडायला निघालेले भटजी परत आले ते खांद्यावर कावड घेऊन. कावडीत गंगाजल. आईवडिलांना गंगास्नान घडवायचे म्हणून ते इतक्या लांबून वाहून आणले. लुटारूंना त्या घड्यांत रस नव्हता.

या हकिकतीचे पुढे पुस्तक झाले. चिंतामण विनायक वैद्यांनी भटजींना लिहायला लावले आणि १९०७ साली छापले. तोवर भटजी गेले होते. मराठीतले एवढे मोठे प्रवासवर्णन, पण ते जमाखर्च चुकल्यामुळे झाले. यज्ञ झाला असता, दक्षिणा मिळाली असती, तर आपल्याला फार तर एक कर्ज फिटल्याची पावती मिळाली असती.

भटजींवर आले ते संकट. पण साध्या, शांततेच्या दिवसांत निघालेल्या यात्रेकरूचेही काही सुखाचे नव्हते. त्याच्यापुढे पहिला उभा राहायचा तो सरकार. यात्रेवरचा कर अकबराने १५६३ साली माफ केला म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याची वाहवा आहे; पण माफ केलेले कर भुतासारखे असतात, दुसऱ्या झाडावर दिसतात. कंपनी सरकारने प्रयाग, गया, जगन्नाथपुरी या ठिकाणी यात्रेकरूंकडून रोख पैसे घेतले. प्रयागला संगमावर पायी आलेल्याला माणशी एक रुपया. घोडा, पालखी, हत्ती असेल तर जास्त. त्या काळचा रुपया म्हणजे गरिबाच्या घरात कित्येक दिवसांचा बाजार. तिकडे विलायतेतल्या पाद्र्यांनी ओरड केली की आपले ख्रिस्ती सरकार मूर्तिपूजेवर पैसे मिळवते, हे पाप आहे. १८४० साली कायद्याने हा कर उठला. पुण्य यात्रेकरूला लागले की पाद्र्यांना, हा वेगळा प्रश्न. आज आपण माथेरानला दस्तुरी नाक्यावर उभे राहून माणशी पैसे मोजतो किंवा महाबळेश्वरच्या नाक्यावर गाडीची काच खाली करतो, तेव्हा अकबराची आठवण मला हमखास होते.

सरकारनंतर पंडे. गयेला पिंडदान झाले की शेवटी गयावळ 'सुफळ' देणार, म्हणजे तुमची यात्रा फळली असे तोंडाने म्हणणार. तो ते म्हणेपर्यंत यात्रा फळत नाही आणि दक्षिणेचा आकडा ठरेपर्यंत तो म्हणत नाही. यजमानाचे हात फुलांच्या माळेने बांधून ठेवायचीही रीत होती. लोखंडाची बेडी एखादा तोडेल. फुलांची माळ तोडणारा हिंदू अजून जन्माला यायचा आहे.

पण पंड्यांची नुसती टिंगल करणे मला पटत नाही. कारण याच पंड्याच्या पडवीत त्या बाडांच्या चळती असत. तुमचा पणजोबा कधी आला, बरोबर कोण होते, गाव कोणते, कूळ कोणते. वाटेत लुटला गेलेला, आजारी पडलेला, पैसे संपलेला यजमान या पडवीत आला की वही उघडली जाई. पणजोबाची सही सापडली की उसने पैसे मिळत. ते तो गावी पोचल्यावर पाठवी किंवा पंड्याचा माणूस पुढे कधीतरी दक्षिणेत फिरायला आला की घेऊन जाई. तारण काय, तर मेलेल्या पणजोबाची सही. आज जिवंत माणसाच्या तीन सह्या आणि दोन जामीनदार असूनही बँकेचा साहेब फायलीकडे संशयाने पाहतो.

पैसेवाल्यांची सोय हुंडीने होई. इथल्या सावकाराकडे पैसे भरायचे, कागद घ्यायचा आणि काशीच्या पेढीवर तो दाखवायचा. दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी हुंडी, काही दिवसांनी मिळायचे ती मुदती. कागद हरवला तर त्याची दुसरी प्रत देत, तिला म्हणत पेठ. तीही हरवली तर तिसरी, परपेठ. हे वाचले तेव्हा मंगळवार पेठेत जन्मल्याचा मला विशेष अभिमान वाटला. पैसे देऊन चुकती झालेली हुंडी म्हणजे खोका. आजच्या वर्तमानपत्रांतला खोका निराळा, तो चुकता झालेला कोणी पाहिलेला नाही. पण हुंडीसुद्धा शेवटी काय? अनोळखी गावात ओळख सांगणारा एक कागद.

१८९१ साली दोन गोष्टी झाल्या. मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि तिकडे अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने प्रवासी चेक काढला. असे म्हणतात की कंपनीचे मुख्याधिकारी युरोपात हिंडायला गेले आणि मोठ्या शहरांबाहेर त्यांचे पतपत्र कोणी हातात घेईना, त्या संतापातून ही कल्पना निघाली. मोठ्या माणसाची गैरसोय झाली की नवा धंदा निघतो; लहानाची झाली की नुसतीच ओळ वाढते, किरकोळ. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण रेल्वे आली तशी वाटेवरची ओळखीची घरे मागे पडली. पूर्वी काशीला जाणारा शंभर गावांतून जाई, शंभर ओसऱ्यांवर टेके. आता तो स्टेशनांवरून जाऊ लागला. आणि स्टेशनावर ओळख कोणाची, तर हमालाची.

किरकोळ खर्च राजेलोकांनाही चुकत नाहीत, एवढेच की त्यांच्याकडे त्याला किरकोळ म्हणत नाहीत. १९०२ साली आमचे शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला विलायतेला गेले. समारंभ २६ जूनला ठरलेला. देशोदेशींचे पाहुणे जमले, रस्त्यांवर मांडव पडले आणि दोन दिवस आधी राजाच्या पोटात दुखू लागले. अपेंडिक्स. शस्त्रक्रिया झाली आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. लग्नघरी पाहुणे जमल्यावर मुहूर्त सहा आठवडे पुढे गेला तर यजमानीणबाईंचे काय होईल, याची कल्पना करा! याच लांबलेल्या मुक्कामात, २६ जुलैला, इकडे करवीरच्या गॅझेटात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा महाराजांचा जाहीरनामा निघाला. मिरवणुकीची वाट पाहत बसलेल्या इतर राजांनी त्या महिन्यात काय केले, ते मी शोधायच्या भानगडीत पडलो नाही.

गंमत त्या मिरवणुकीची. ती नीट दिसावी म्हणून लंडनच्या लोकांनी पॉल मॉल रस्त्यावरच्या खोल्या दोन दिवसांसाठी भाड्याने घेतल्या होत्या. हेन्री नावाच्या गृहस्थांनी क्रेल यांची जागा ७५ पौंडांना ठरवली, २५ आगाऊ दिले. मिरवणूक निघाली नाही तेव्हा उरलेले ५० देईनात. खटला झाला. कोर्ट म्हणाले, खोली मिरवणुकीसाठी घेतली होती, मिरवणूकच नाही तर पैसे कसले? हेन्री सुटले. आणि चँडलर नावाचे दुसरे गृहस्थ! त्यांनी त्याच रस्त्यावर खोली ठरवली १४१ पौंड १५ शिलिंगांना, १०० देऊन टाकले. करारात मात्र सगळे पैसे आधीच द्यायचे होते. कोर्ट म्हणाले, दिलेले गेले आणि राहिलेलेही द्या. रस्ता एक, राजा एक, अपेंडिक्स एक. पण एक सुटला आणि एक बुडाला. ज्याने पैसे द्यायला टाळाटाळ केली तो वाचला, हे आमच्या आजोबांना कळले असते तर त्यांनी कारकुनी सोडली असती. हा चँडलरवाला नियम विलायतेत १९४२ साली मोडीत निघाला. तोवर चाळीस वर्षे उलटली होती. क्रेल-हेन्रीचा खटला आमच्या शहाजी लॉ कॉलेजातली पोरे अजून पाठ करतात. पण खोली कुणी ठरवली, काय मनात धरून ठरवली, घरी बायकोपोरांना काय सांगितले असेल, हे पेपरात विचारत नाहीत.

आपल्याकडे स्वातंत्र्य आले, एसटी आली (पहिली गाडी १ जून १९४८, पुणे ते नगर) आणि १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते ते शंभर पैसे झाले. सोळाने शंभरला भागले की सव्वासहा येतात. आता पाव पैसा कुणी कुणाला द्यायचा? एका आण्याचे सहा पैसे धरू लागले आणि तो पाव पैसा हवेत राहिला. जुनी नाणी आणि नवी नाणी एकाच खिशात खुळखुळत असलेली ती काही वर्षे म्हणजे हिशेबी माणसाला शिक्षाच. आजोबांच्या वहीत त्या सालापासून किरकोळाच्या पोटात एक उपकिरकोळ सुरू झाले आहे, 'मोडीत तूट'.

पुढे सुट्या पैशांची टंचाई आली, तेव्हा एसटीच्या कंडक्टरांनी एक तोड काढली, तिचे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झालेले नाही. उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून द्यायचे. "उतरताना घ्या." बस्स! ही दर्शनी हुंडीच की. काढणारा कंडक्टर, देणारा कंडक्टर, पेढी चालती आणि मुदत स्वारगेटपर्यंत. कोल्हापूर ते पुणे रात्रभर माणूस ते तिकीट मुठीत धरून जागा. कऱ्हाड गेले, सातारा गेले, चहाला उतरायची इच्छा झाली तरी उतरायचे नाही, न जाणो कंडक्टर बदलला तर! पण कंडक्टर लक्षात ठेवून, स्वतः हाक मारून सीटपर्यंत येई. "ओ मास्तर, तुमचं पंच्याहत्तर पैसं." परगावच्या, पुन्हा कधी न दिसणाऱ्या माणसाच्या पंच्याहत्तर पैशांसाठी गर्दीतून वाट काढत येणाऱ्या त्या खाकी गणवेशाचे नाव कुठल्या इतिहासात नाही.

एक कबूल करायला हवे की कोल्हापूरकर हा नुसता देणाऱ्यांतला नाही, घेणाऱ्यांतलाही आहे. अंबाबाईला आलेल्या माणसाच्या घरच्या हिशेबात चपला कधीच नसतात आणि गावाकडे परतताना त्याच्या पिशवीत कमीत कमी दोन जोड असतात. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिची करकर सरकारदप्तरी गेली. शिवाय गुळाची ढेप, मसाला, खासबागेत भेळ. पाहुण्याचे किरकोळ म्हणजेच आमच्या गावातल्या कितीतरी घरांची चूल. पण मिरजकर तिकटीवर पत्ता विचारून पाहा. माणूस पत्ता सांगत नाही, बरोबर चालू लागतो. आणि वाटेत तुमचे गाव, आडनाव, पाहुणे काढून ओळख पटवल्याशिवाय सोडत नाही. बाहेरगावच्या माणसाला ही चौकशी वाटते. ती हुंडी असते.

ती कशी वटते हे ऑगस्ट २०१९ मध्ये दिसले. पंचगंगेला महापूर आला, शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस वाहनांच्या रांगा रस्त्यावर अडकून राहिल्या. ट्रकवाले होते, सुट्टीला निघालेली कुटुंबे होती. खिशात कार्ड, मोबाइलमध्ये पैसे. पण वीज गेली की दोन्ही कागदाच्या मोलाचे. तालमी-मंडळांची पोरे, आसपासच्या गावातल्या बाया त्यांना भाकरी आणि पाणी पोचवत होत्या. त्यांतल्या पुष्कळांच्या स्वतःच्या घरात पाणी होते. आजोबा असते तर त्या ट्रकवाल्यांच्या वतीने वहीत काय लिहिते, कुणास ठाऊक.

आता सुट्या पैशांचा प्रश्न मिटला आहे. २०१६ साली यूपीआय आले, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या आणि लोक मुकाट्याने फोन पुढे करायला शिकले. आता चार रुपयेसुद्धा चौकटीवर बोट ठेवून देता येतात. सगळे होते, फक्त फोनला नेटवर्क लागते.

गगनबावड्याच्या धुक्यात ते नव्हते. मागच्या मे महिन्यात आम्ही कोकणात उतरत होतो. चार चहा आणि दोन प्लेट भजी झाली, मी फोन काढला, आकाशाकडे धरला, हॉटेलच्या मागच्या दगडावर चढून पाहिले. गोल गोल फिरतेय ते फिरतेच आहे. खिशात पाचशेची एक नोट. आणि सकाळची वेळ, मोड दुकानातही नव्हती.

"जावा की," मालक म्हणाला. "माघारी येताना द्या."

"आणि आलोच नाही तर?" मी विचारले.

"कुठले तुम्ही?"

"कोल्हापूर. मंगळवार पेठ."

"मग येताय."

आम्ही परतताना फोंडा घाटाने यायचे ठरवले होते. दाजीपूरचे जंगल बघायचे होते. आई मागच्या सीटवरून चार दिवस काही बोलली नाही आणि निघायच्या सकाळी म्हणाली, "बावड्यावरनं चल." मी पेट्रोलचा हिशेब सांगू लागलो. ती म्हणाली, "ते किरकोळात धर."

मालकाने पैसे घेतले, मोजलेही नाहीत. आईला खुर्ची दिली, पाणी दिले, न सांगता दोन चहा केले. ते आमच्याकडून, म्हणाला असेल असे मला वाटले. पण तसे काही नाही, त्याचे पैसे त्याने घेतले.